मी सही का केली

उजनीच्या पाण्याला कुणी सुंदर म्हटलं की मला राग यायचा. हिवाळ्यात भिगवणकडे रोहित पक्षी उतरतात. पुण्या-मुंबईची माणसं पहाटेच्या काळोखात गाड्या काढून कुंभारगाव, डिकसळला पोचतात, होडीत बसून फोटो घेतात, दुपारी हमरस्त्यावरच्या हॉटेलात चिलापी-भाकरी खातात आणि उन्हं कलायच्या आत परत फिरतात. त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही, हे मला कळत होतं. तरी राग जात नव्हता. त्यांच्या होड्या ज्या पाण्यावर फिरतात त्याच पाण्यानं माझं माहेर पोटात घेतलं आहे.

जुनं पळसदेव. इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातलं जवळपास ६४ टीएमसी मृतसाठ्यात धरलेलं. म्हणजे उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असं आपण म्हणतो तेव्हाही खाली पाणी पुष्कळ असतं. हे आकडे मी वर्षानुवर्षं भूगोलाच्या तासाला फळ्यावर लिहिले. सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यापासून उसापर्यंत किती गोष्टी या धरणावर चालतात, तेही शिकवलं. धरण नको होतं असं मी तेव्हाही म्हणत नव्हते, आजही म्हणत नाही. बहात्तरचा दुष्काळ आमच्या घरानं पाहिला आहे.

गाव उठलं तेव्हा मी शाळेत होते. वडिलांनी दाराची चौकट, वासे, खिडक्यांचे गज बैलगाडीत भरले. आईनं उखळ न्यायचा हट्ट धरला. ते ओसरीच्या भुईत पुरलेलं, अखंड दगडाचं. चुलते आणि वडील पहारीनं कडेकडेनं खणत होते आणि आई मध्येच त्यांना थांबवून आतली माती पदरानं पुसत होती. उखळ निघालं. भुईत गोल खड्डा राहिला. आईनं दोन दिवस आधीच ती ओसरी सारवली होती. सोडून जायच्या घराची. सारवलेल्या भुईतला तो खड्डा मला घराच्या भिंतींपेक्षा स्पष्ट आठवतो.

नवं गावठाण हमरस्त्याच्या बाजूला वसलं. जुनं दगडी पळसनाथाचं मंदिर पाण्यात राहिलं. पाणी उतरायला लागलं की आधी शिखर दिसतं, मग खालचं बांधकाम, फारच उतरलं तर आजूबाजूचे वीरगळ. मंदिर उघडं पडलं की गावातली जुनी माणसं जातात, नारळ फोडतात, थोडा वेळ थांबून परत येतात. अलीकडे त्यांच्या आधी मोबाइलवाले पोचलेले असतात.

माझ्या भाच्याला आमच्या जमिनीत कृषी पर्यटन सुरू करायचं होतं. ही कल्पना आमच्या भागाला नवी नाही. शेजारच्या बारामती तालुक्यात पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी ती रुजवली त्याला बरीच वर्षं झाली, आणि २०२० मध्ये राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरणही आलं. भाच्याची कल्पना साधी होती: चार खोल्या, घरचं जेवण, सकाळी होडी, पक्षी, आणि पाणी उतरलं की पळसनाथाचं मंदिर. सातबाऱ्यावर भावाबरोबर माझं नाव आहे, म्हणून माझी संमती हवी. तो भाऊबीजेला वडिलांबरोबर बारामतीला यायचा आणि ओवाळून झालं की पिशवीतून कागद काढायचा. मी म्हणायचे, “ज्या पाण्यानं आपल्याला उठवलं ते दाखवून पैसे घ्यायचे नाहीत.” तो म्हणायचा, “आत्या, पाणी आता कुठं जाणार आहे? मग निदान त्यानं आपल्याला दोन पैसे तरी द्यावेत.” मी कागद परत करायचे. आमच्या ह्यांनी यात कधी तोंड घातलं नाही. माहेरचा प्रश्न आहे, तू बघ, एवढंच म्हणायचे.

माझ्या नकाराला आणखी एक पदर होता. निवांत बसून निसर्ग बघणं, चित्रं काढणं, चवीनं जेवणं हे मला भरल्या पोटाच्या माणसांचं काम वाटायचं. ज्याच्या उसाला पाण्याची पाळी रात्री दोनला येते, तो कुठलं सूर्योदयाचं कौतुक करणार? शाळेत असताना मी एलिमेंटरीची चित्रकलेची परीक्षा दिली होती. हात बरा होता. पुढे इंटरमिजिएटला बसले नाही, कारण त्याच वर्षी गाव उठलं आणि रंगपेटी कुठल्या तरी गोणीत गेली ती परत दिसलीच नाही. मग तो विषय मी मनातून काढून टाकला.

मग इटलीला जायचा योग आला. बारामतीच्या माणसाला इटली तशी परकी नाही. आमच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. गल्लोगल्ली फिरणारी तीनचाकी आपे तिथंच तयार होते आणि २०१२ पासून व्हेस्पाही. फेरेरोचाही कारखाना आहे. नातवंडं ज्यासाठी दुकानात हट्ट धरतात ते किंडर जॉय आमच्याच गावातून देशभर जातं. जावई कामानिमित्त काही काळ पोंतेदेराला होते, जिथं १९४६ मध्ये पहिली व्हेस्पा बनली त्या गावी. लेकीनं २०२४ च्या मे महिन्यात आम्हाला बोलावून घेतलं. माझ्या डोक्यात रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा अशी यादी होती. एवढे पैसे घालून जायचं तर सगळं बघून यायचं. लेक म्हणाली, “आई, बाबांनी सगळं आयुष्य कारखान्याच्या भोंग्यावर काढलं. एकदा त्यांना घड्याळाशिवाय बसू दे.” हे साखर कारखान्याच्या गोदामात नोकरीला होते. हंगामात तीन पाळ्या, दिवाळी नाही, संक्रांत नाही. लेकीच्या त्या वाक्यापुढे मी यादी बाजूला ठेवली.

तिनं आमच्यासाठी टस्कनीच्या पूर्व टोकाला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आंगियारी गावाच्या खाली एक शेतघर ठरवलं होतं. सकाळी जलरंगाचे धडे, दुपारी विश्रांती, संध्याकाळी जमलं तर आसपासचं एखादं गाव. घरमालक नवरा-बायको आमच्याच वयाचे. गहू, जैतुनाची झाडं, थोडी मेंढरं. इटलीत अशा शेतघरांसाठी १९८५ मध्येच कायदा झाला आणि २००६ मध्ये तो नव्यानं आला. त्यातली एक अट मला ह्यांनी दोनदा वाचून दाखवली: शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणे जोडीला. मला ते पहिल्याच सकाळी दिसलं. आम्ही चहा पीत होतो आणि घरधनी आमच्याकडे न बघता ट्रॅक्टर काढून गवत कापायला गेला. आमच्यासाठी त्यानं काही मांडलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं. शेणाचा वास होता, माश्या होत्या. माझ्या मनातलं कृषी पर्यटन म्हणजे फेटा बांधून देणारा शेतकरी आणि सजवलेली बैलगाडी. इथं तसं काहीच नव्हतं.

चित्रकलेच्या बाई जवळच्या गावातून यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी ब्रश हातात दिलाच नाही. जैतुनाच्या एका झाडासमोर आम्हाला बसवलं आणि बघा म्हणाल्या. लेक दुभाषी. मला दहा मिनिटांत अस्वस्थ व्हायला लागलं. हे मात्र शांत बसले होते. गोदामात ट्रकची वाट बघण्यात माणूस हे शिकत असावा. मग वारा आला आणि पानं उलटली. जैतुनाचं पान वरून गडद हिरवं आणि खालून रुपेरी, राखेच्या रंगाचं. सगळं झाड एका क्षणात पांढरं होऊन परत हिरवं झालं. बाई म्हणाल्या, आता सांगा, या झाडाचा रंग कोणता? आम्ही दोघं गप्प.

जलरंगाचं शास्त्र मला परीक्षेपुरतं माहीत होतं, ते इथं हातात आलं. पांढरा रंग लावायचा नसतो, कागद सोडायचा असतो. उजेड कुठं ठेवायचा ते आधी ठरवायचं, नंतर तो आणता येत नाही. आधी फिका वॉश, तो वाळू द्यायचा, मग गडद. वाळायच्या आत हात घातला की चिखल. आणि सावली काळी नसते. गोठ्याच्या भिंतीवरची सावली मी करड्या रंगात काढली होती. बाईंनी कागदाची एक पुंगळी करून मला तिच्यातून त्या भिंतीकडे बघायला लावलं. भोवतीचं सगळं झाकलं गेल्यावर ती सावली जांभळट निळी दिसली आणि खालच्या कडेला, जिथं जमिनीचा तांबूस उजेड वर येत होता, चक्क गुलाबी. एवढी वर्षं मी सावल्या बघत आले होते. त्या जागी काय दिसणार हे आधीच ठरवून मी बघत होते, हे मला त्या पुंगळीतून उमगलं.

ह्यांनी आयुष्यात कधी ब्रश धरला नव्हता. त्यांनी तिथं एकच चित्र काढलं, तेच पुन्हा पुन्हा: भिंतीला टेकवलेली हातगाडी. शेवटच्या कागदावर तिचं चाक असं उतरलं की घरधन्यानं ते मागून घेतलं.

जेवणाबद्दल लिहिलं नाही तर घरधनीण रागावेल. टस्कनीतला पाव मिठाशिवायचा असतो. पहिले दोन दिवस तो गळ्याखाली उतरेना, नंतर खारवलेल्या मेंढीच्या चीजबरोबर त्याचा अर्थ कळला. शेजारच्या उंब्रियात तापल्या तव्यावर जाड रोटी भाजतात, तिला तोर्ता अल तेस्तो म्हणतात, मध्ये चिरून आत पालेभाजी भरतात. घरधनीण ती करत होती तेव्हा मी पुढं झाले, बॅगेतलं बाजरीचं पीठ काढलं आणि तिच्या तव्यावर भाकरी थापून टाकली. थापताना भाकरी हातावरच फिरते, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं माझे दोन्ही तळवे उलटेपालटे करून बघितले. मग आम्ही दोघींनी भाषेशिवाय एक अख्खी दुपार चुलीपाशी काढली. ह्यांनी त्या भाकरीवर जैतुनाचं ताजं तेल आणि लसणाची चटणी घेतली आणि आजही घरी तसंच मागतात.

माझं मत जिथून हललं ते पुढं आहे. आंगियारीहून एक रस्ता सुतासारखा सरळ खाली सानसेपोल्क्रोला जातो. पिएरो देला फ्रान्चेस्का या पंधराव्या शतकातल्या चित्रकाराचं हे गाव. तिथल्या संग्रहालयात भिंतीवर त्यानं काढलेलं ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचं चित्र आहे. थडग्यातून उठून उभा राहिलेला ख्रिस्त, खाली झोपलेले शिपाई. आमच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं की मागची झाडं बघा. डावीकडची झाडं निष्पर्ण, उजवीकडची पानांनी भरलेली. एकाच डोंगराच्या दोन बाजू.

त्या चित्रासमोर लेकीनं मला १९४४ ची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचं सैन्य या खोऱ्यातून वर सरकत होतं. टोनी क्लार्क नावाच्या इंग्रज तोफखाना अधिकाऱ्याला सानसेपोल्क्रोवर मारा करायचा हुकूम होता. मारा सुरूही झाला. तेवढ्यात त्याला आठवलं की हे नाव आपण वाचलंय. ऑल्डस हक्सले या लेखकानं एका निबंधात इथल्या चित्राला जगातलं सर्वोत्तम चित्र म्हटलं होतं. क्लार्कनं ते चित्र पाहिलेलं नव्हतं, फक्त वाचलं होतं. त्यानं तोफा थांबवल्या. जर्मन निघून गेलेले होतेच, गाव वाचलं. आज तिथल्या एका रस्त्याला त्याचं नाव आहे.

मी बाहेर येऊन चौकातल्या बाकावर बसले. पळसदेववर कुणी असं लिहिलं असतं तर धरण थांबलं असतं, असं मला म्हणायचं नाही. थांबायला नकोच होतं. पण एक प्रवासी इथं आला, निवांत राहिला, चित्र डोळे भरून पाहिलं आणि त्याबद्दल लिहिलं. त्याच्या त्या निवांतपणानं पुढं एका परक्या माणसाचा हात धरला. ज्या निवांतपणाला मी भरल्या पोटाचं काम म्हणत होते, तोच हा. आमच्या गावाकडे पाण्याखाली जाण्याआधी असं बघायला कुणी आलं नाही. आणि आता येतात, तर मी दार लावून बसले होते.

जवळच्या मोंतेर्की गावात पिएरोचीच गर्भवती मेरी आहे. निळ्या झग्याची पुढची शिवण उसवलेली, तिथं हात ठेवून ती उभी. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून आसपासच्या बायका तिला नवस बोलत आल्या. संग्रहालयात गरोदर बाईला तिकीट लागत नाही. एकदा फ्लॉरेन्सच्या प्रदर्शनासाठी हे चित्र मागितलं गेलं, तेव्हा गावानं ते द्यायला नकार दिला होता. जगभरची माणसं तिथं येऊन बघतात, पण ती कुठं राहणार हे गाव ठरवतं. भाच्याशी भांडताना पाहुणे आले म्हणजे गाव त्यांचं झालं, असं मी धरून चालले होते.

ह्यांचा दिवस चित्ता दि कास्तेल्लोला उजाडला. आल्बेर्तो बुर्री हा तिथला चित्रकार मुळात डॉक्टर. युद्धात पकडला गेला, अमेरिकेत टेक्सासच्या छावणीत कैदी होता, आणि तिथं तो चित्रं काढायला लागला. त्याची पुढची प्रसिद्ध चित्रं गोणपाटाची आहेत. फाटलेली, ठिगळं लावलेली, सुतळीनं शिवलेली पोती चौकटीवर ताणलेली. मला वाटलं, हे चिडतील. नोकरीभर ज्यांनी साखरेचं बारदान मोजलं त्यांना पोती काय दाखवायची! ते एका चित्रापुढून हलेनात. अगदी जवळ गेले, इतके की पहारेकरी दोन पावलं पुढं आला. म्हणाले, “ही शिवण दाभणानं घातलीय, आणि घाईत नाही घातलेली. फाटलेलं आधी नीट बघितलंय त्यानं.” मग बराच वेळ बोलले नाहीत. गोदामातल्या पावसाळी गळतीत भिजलेली पोती, ती शिवणाऱ्या बायका, त्यांच्या बोटांना पडलेली भोकं, हे सगळं त्यांनी मला त्या संध्याकाळी सांगितलं. इतक्या वर्षांत यातलं एक अक्षर माझ्या कानावर आलं नव्हतं.

आणि मोंतोने. उंब्रियातलं टेकडीवरचं लहानसं गाव. तिथं आपल्या यशवंत घाडगे यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलं आहे, २०२३ मध्ये. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला याच खोऱ्यात मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे पडले, तेव्हा ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले, तो ताब्यात घेतला आणि तिथंच गोळी लागून गेले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांना ज्ञात अशी कबर नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे.

आम्ही दोघं त्या घड्याळापाशी उभे राहिलो. खाली सगळं खोरं हिरवं, गव्हात लाल खसखशीची फुलं. गेले काही दिवस मी हेच रंगवत होते. याच उतारांवर मराठी पोरं मेली होती, आणि मी तिथं बसून हिरव्याच्या छटा शोधत होते. मला अपराधी वाटायला हवं होतं का? वाटलं नाही. त्या गावच्या लोकांनी एका परक्या मुलाचं नाव जपलं होतं आणि त्याच गावात ते द्राक्षं लावत होते, लग्नं करत होते, पाहुण्यांना जेवू घालत होते. नाव ठेवलं होतं म्हणून त्या हिरवळीकडे बघताना लाज वाटत नव्हती. उजनीवर माझा जीव ज्यात अडकला होता ते मला तिथं नीट सांगता आलं: माणसं तिथं आनंद करतात याचा मला त्रास नव्हता, आनंद करताना त्यांना खाली काय आहे हे कुणी सांगत नाही याचा होता. आणि सांगायला हवं ते आम्हीच.

त्याच आठवड्यात भाच्यानं मोबाइलवर फोटो पाठवला. पळसनाथाचं मंदिर पूर्ण उघडं. उजनी त्या वर्षी फार खाली गेली होती. फोटोत भेगाळलेला गाळ, मंदिर, आणि सेल्फी काढणारी गर्दी. बाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, हे काढा. मी फोटो बाजूला ठेवला. एलिमेंटरीला स्मरणचित्राचा पेपर असायचा. मी आमची ओसरी काढली, सारवलेली, आणि तिच्यातला गोल खड्डा. खड्ड्याची सावली मी करडी काढली नाही.

आम्ही परतलो आणि २१ मे ला कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली. सहा जण बुडाले. करमाळ्याच्या बाजूची माणसं इकडे येताना लांबचा वळसा टाळायला बोटीनं पाणी ओलांडतात, कारण जवळ पूल नाही. पर्यटक नव्हते ते, आपल्या कामाला निघालेली माणसं होती. त्या रात्री मला वाटलं की इटलीत बसून केलेला विचार इटलीतच ठेवावा. हे पाणी बघण्याचं पाणी नाही. ह्यांनी मला उलट विचारलं, “बघायला कुणी गेलं नाही म्हणून बोटी सुरक्षित होणार आहेत का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मृगाच्या आधी आम्ही दोघं पळसदेवला गेलो. पहाटे, ऊन चढायच्या आत. पाण्यानं झिजलेला दगड, खाचांत अडकलेल्या शिंपल्या, कुठं जाळ्याचा तुकडा. छत्री रोवून मी बसले. पाच-दहा मिनिटांत गावातले दोन म्हातारे मागे येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघितल्यावर एक जण म्हणाला, “पोरी, इथं चिंच होती.” दुसरा म्हणाला, चिंच नव्हे, लिंब, चिंच पलीकडं. मग चिंचेखाली कोण बसायचं, कुणाचा वाडा कुठं, बाजार कुठं भरायचा, पाणवठ्याची वाट कुठून. मी कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहीत गेले. पुण्याहून आलेल्या दोन कॉलेजातल्या मुली जवळ आल्या. गाळात दगडांची एक सरळ रांग दिसत होती, ती कसली म्हणून त्यांनी विचारलं. ते घराचं जोतं, म्हटलं. कुणाचं, म्हणाल्या. म्हाताऱ्यानं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि त्या घरातल्या पोरीचं लग्न गाव उठायच्या आदल्या उन्हाळ्यात झालं तेही. त्या मुली ऊन तापेपर्यंत गाळात बसून राहिल्या. एकीनं जाताना मला विचारलं की असं बसून ऐकायला परत येता येईल का, राहायची सोय आहे का.

त्या दिवाळीला भाच्यानं कागद काढायच्या आत मीच मागितला आणि सही केली. अटी घातल्या, आणि त्याही कागदावर लिहून घेतल्या. ज्वारी आणि ऊस चालू राहिला पाहिजे. खोल्यांसाठी विहिरीजवळची काळी जमीन मोडायची नाही. होडीत जॅकेट घातल्याशिवाय कुणी बसणार नाही, वारा सुटला की होडी निघणार नाही, मग पाहुणा कितीही पैसे देवो. रात्री स्पीकर नाही. उन्हाळ्यात चित्रकलेचं शिबिर, आणि त्यात गावठाणातल्या पोरांना फी नाही. आणि जेवणाच्या खोलीत एका भिंतीवर जुन्या गावाचा नकाशा, घराघराच्या नावासकट.

भाच्यानं सगळं मान्य केलं. स्पीकरवर थोडी कुरकुर केली, कारण वाढदिवसाचे गट यायला लागले की पैसे त्यातच आहेत असं त्याचं म्हणणं. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि त्याचंही पोट त्यावर आहे हे मी विसरत नाही.

नकाशाचं काम हे बघतात. गोदामाची आखणी करण्यात हात बसलेला, त्यामुळे माप चुकत नाही. थोरल्या चुलतीच्या आठवणीप्रमाणे देवळापासून कुंभारांच्या घरांपर्यंतचा भाग पक्का झाला आहे. वेशीपासून चावडीपर्यंत मात्र तीन जणांची तीन मतं आहेत. पुढच्या वर्षी मंदिराचं जोतं उघडं पडलं की टेप घेऊन खाली उतरायचं ठरलं आहे.